तेराव्या परिच्छेदातला पाय

“पाय कुठाय?” टँडोमामांनी विचारलं.

“कुठला पाय?”

“तू पाय बनवतेस ना, नकली? मग तुझ्या या वेबसाइटवर पाय कुठाय? मी मघापासून वर सरकवतोय. बिशप आले, राजे आले, राजमाता आल्या. पाय काही येत नाही.”

मी त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. टेचिमानच्या पोस्टाबाहेर रंग उडालेल्या छत्रीखाली त्यांचं टेबल होतं, त्यावर जुना लॅपटॉप, आणि पुढे दोरीने बांधलेली पाटी : ‘तुमची वेबसाइट कुणाला सापडत नाही? इथे बसा.’ म्हणून मी बसले होते. जानेवारीतली कोरडी धूळ दातांत करकरत होती आणि मामा एकेक परिच्छेद मोजत होते.

“तेरावा,” ते म्हणाले. “तेराव्या परिच्छेदात आला एकदाचा. तोही पाय म्हणून नाही. ‘अधोशाखेच्या गतिक्षमतेचे पुनर्स्थापन.’ हे कुणी लिहिलं?”

“बोआडी मास्तरांनी.”

“तरीच.”

खरं सांगायचं तर मला ते सगळं फार छान वाटलं होतं. आमच्याकडे विहिरीचं उद्घाटन असो नाहीतर कुणाचं मर्तिक, माइक हातात घेतला की आधी मांडवातल्या मोठ्या माणसांना मानाप्रमाणे एकेक करून नमस्कार घालायचा. एक नाव सुटलं तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. बोआडी मास्तर म्हणजे निवृत्त हेडमास्तर आणि आमच्या मिशनच्या दवाखान्याच्या कमिटीचे अध्यक्ष. त्यांनी वेबसाइटसुद्धा तशीच लिहिली. राजमातांना तर तीन परिच्छेद दिले होते.

आणि त्याच मास्तरांनी मला डिसेंबरात कमिटीचा निरोप दिला होता. “चेरेवा, तुझ्या खोलीत वर्षाला अकरा माणसं येतात. शवागारात जागा पुरत नाही, लोक रांगेत असतात. ईस्टरपर्यंत बाहेरगावची वीस माणसं आली तर खोली तुझी. नाहीतर तिथे शीतपेट्या बसतील.”

मी त्या खोलीत एकोणीस वर्षं पाय बनवत होते. प्लास्टरचा साचा घ्यायचा, भट्टीत प्लास्टिक मऊ करायचं, उरलेला पाय ज्यात बसतो ती वाटी घासून घासून गुळगुळीत करायची. माणूस पहिल्यांदा दोन दांड्यांमधून चालायला लागतो तेव्हा त्याच्या तोंडाकडे मी अजूनही बघत राहते. त्या खोलीत मढी ठेवणार म्हणे. माझा नुसता जळफळाट होत होता.

“मामा, होईल का काही?”

“पाय जिवंत आहे,” मामा म्हणाले. “नुसता पत्ता चुकलाय.”

टँडोमामा मूळचे समुद्राकाठचे, फांटी जमातीचे. नोकरीत बदली होऊन टेचिमानला आले आणि इथलेच झाले. सदतीस वर्षं पोस्टात पत्रं वेगळी करायचं काम. ज्या पाकिटांवर धड पत्ता नसायचा ती सगळी त्यांच्याकडे जायची. ‘माझ्या भावाला, जो मेथडिस्ट चर्चच्या मागे शिवणकाम करतो, उंच आहे.’ मामा ते पत्र पोचवायचे. मग पत्रं येईनाशी झाली, साहेबांनी त्यांना पोस्टातल्या इंटरनेटच्या खोलीत बसवलं, आणि तिथे बसून बसून ते हे शिकले. निवृत्त झाले तरी पोस्टाचे काळे बूट सुटले नाहीत. रोज सकाळी पॉलिश. भर उन्हात सगळं गाव चपला फटफटवत हिंडायचं आणि मामांचे बूट चकचकीत, नाड्या घट्ट.

“हे बघ पोरी,” त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. “गुगल म्हणजे पत्रं वाटणारा माणूस समज. कुणीतरी घाबरून, घाईत, चार शब्द लिहून टाकतं. त्याने ते कुठे पोचवायचं? ज्या पानावर तेच चार शब्द, वरच, स्पष्ट दिसतात तिथे. तुझ्या पानाचं नाव काय आहे माहितेय? ‘स्वागत’. देशात असली लाखभर स्वागतं असतील.”

मग त्यांनी वहीत लिहायला घेतलं. पानाचं नाव : नकली पाय, टेचिमान. पहिल्याच ओळीत काय करतो, कुठे, कधी. फोन नंबर एका चित्रात रंगवून टाकला होता, तो साध्या अक्षरांत, म्हणजे यंत्राला वाचता येईल आणि बोट ठेवलं की फोन लागेल. बिशपांचा फोटो एवढा जड होता की बसमध्ये बसलेल्या माणसाचं अर्धं नेट बिशपच खायचे. तो बारीक करायचा.

“आणि नकाशा,” ते म्हणाले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होते. “तुझी खूण शवागाराच्या फाटकावर लागलीय. पाय मागायला आलेला माणूस तिथून उलट्या पावली पळणार नाही तर काय?”

मला हसूही येईना, रडूही येईना. शेवटी हसलेच.

दुसऱ्या दिवशी ते मला गाड्यांच्या अड्ड्यावर घेऊन गेले. उत्तरेकडून येणाऱ्या बसगाड्या, सुरणाचे ढीग, कांद्याची पोती. मामा एकेकाला थांबवून विचारत होते, “समजा, तुझ्या काकांचा पाय कापला. तू फोनमध्ये काय लिहून शोधशील?”

“तोंडात माती पडो तुमच्या,” एक बाई म्हणाली. “सकाळच्या पारी काय लोकांचे पाय तोडायला निघालात?”

पण सुरणवाली थोडा विचार करून म्हणाली, “मी लिहीन, लाकडी पाय कुठे मिळतो.”

एक ड्रायव्हर म्हणाला, “माझं लिहिणं कच्चं. मी फोनला बोलूनच विचारीन. पाय कापलेला माणूस परत गाडी चालवू शकतो का?”

“साखरेने पाय गेला, आता पुढे काय,” एक म्हातारा म्हणाला आणि आमच्याकडे न बघता निघून गेला.

मामांची पाच पानं भरली. त्यात अधोशाखा एकदाही नव्हती.

“बघितलंस?” ते म्हणाले. “आपल्याला काय सांगायचंय ते सोड. त्यांना काय विचारायचंय ते लिही. एक प्रश्न, एक पान. उत्तर तुझं, तुझ्या हातांनी केलेल्या कामाचं. दुसऱ्याच्या साइटवरून एक ओळ उचलायची नाही.”

मी हरखून गेले. घरी जाऊन रोज दुपारी लिहायला बसले. मी, जिने शाळेनंतर एक पत्र लिहिलं नव्हतं. पाय कापल्यावर नकली पाय कधी बसवता येतो. वाटी घासते, फोड येतात, काय करायचं. मुलाचा पाय वाढतो तेव्हा. नकली पायाने गाडी चालवता येते का. माझ्याकडे एकोणीस वर्षांची उत्तरं साठलेली होती आणि आजवर ती कुणी विचारलीच नव्हती.

उत्साहाच्या भरात एक गाढवपणाही केला. चुलतभावाने सांगितलं म्हणून पानाच्या तळाशी, पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत, बासष्ट वेळा ‘नकली पाय’ लिहून ठेवलं. माणसाला दिसत नाही, यंत्राला दिसतं म्हणे. मामांनी ते एका मिनिटात पकडलं.

“एक जण पाकिटावर एकच पत्ता सहा वेळा लिहायचा,” ते म्हणाले. “त्याचं पत्र लवकर पोचायचं असं वाटतं तुला? आम्ही ते बाजूला काढून ठेवायचो. म्हणायचो, हा माणूस काहीतरी लपवतोय.”

मी गुपचूप पुसून टाकलं.

फी विचारली तर म्हणाले, शुक्रवारी जेवण आण. मग मी दर शुक्रवारी केंकी, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उकडलेले गोळे, आणि तळलेला मासा घेऊन जायची. फांटी माणूस, केंकीवर तुटून पडेल असं मला वाटलेलं. मामा मासा खायचे आणि केंकीचा मोठा तुकडा बाजूला सारायचे. चहात साखर नको म्हणायचे. मला वाटलं, वय झालं.

एका शुक्रवारी ते म्हणाले, “अजून एक पान हवं. लिहून घे.” आणि डोळे मिटून सांगायलाच लागले. “पायाच्या बोटाला काळेपणा आलाय, दुखत नाही, साखरेचा आजार आहे. काय करू? उत्तर : दुखत नाही हेच वाईट. आजच डॉक्टरकडे जा. उद्या नाही. औषधवाल्याकडे नाही, प्रार्थनेच्या शिबिराला नाही. रोज रात्री तळपाय आरशात बघा. बुटाच्या आत हात घालून खडा आहे का बघा.”

“मामा,” मी म्हटलं, “हे लिहिलं तर लोकांचे पाय वाचतील. मग माझ्याकडे येणार कोण? मला वीस माणसं हवीत.”

“लिही,” ते म्हणाले. इतक्या कडक आवाजात ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. मी लिहिलं. एकही शब्द बदलावा लागला नाही.

पुढचं संकट बोआडी मास्तरांचं. त्यांनी नवी साइट पाहिली आणि छडी शोधावी तसे इकडेतिकडे बघायला लागले.

“राजमाता कुठे आहेत? बिशप कुठे आहेत? चेरेवा, तू मांडवात शिरून कुणालाही नमस्कार न करता थेट जेवायला बसलीस.”

मला घाम फुटला. पण मामा सोबत आले होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, मास्तरांना रीतसर नमस्कार केला, दोन मिनिटं त्यांच्या तब्येतीची, घरच्यांची चौकशी केली. मग म्हणाले, “मास्तर, मानाच्या माणसांना दारात उभं ठेवणं बरं दिसतं का? येणारा जाणारा धक्का मारून पुढे जातो. आम्ही त्यांना स्वतंत्र दालन दिलंय.” आणि ‘आमचे आधारस्तंभ’ हे पान उघडलं. प्रत्येकाचा फोटो, प्रत्येकाचं नाव, मास्तरांचे तेराच्या तेरा परिच्छेद.

“आता तुमचं नाव घालून शोधा,” मामा म्हणाले.

मास्तरांनी चष्मा सरळ करून स्वतःचं नाव लिहिलं. सगळ्यात वर तेच पान आलं. मास्तर बराच वेळ बघत होते.

“फोटो जरा जुना वाटतो,” ते शेवटी म्हणाले. मी समजले, सुटले.

त्यानंतर काहीच झालं नाही. एक आठवडा, तीन आठवडे. मी दिवसातून वीस वेळा शोधून बघायची. आमची साइट गुगलच्या यादीत सातव्या पानावर, मग पाचव्या. “यंत्राला वेळ लागतो,” मामा म्हणायचे. “नवा पोस्टमन वस्तीत आला की आधी नुसता हिंडतो.” एक जण मला फोन करून सांगत होता की सात दिवसांत पहिला नंबर आणून देतो. मी मामांना विचारलं तर ते म्हणाले, “त्याला विचार, तू स्वतः कितव्या नंबरवर आहेस?”

फेब्रुवारीच्या शेवटी पहिला फोन आला. मी इतकी खूश झाले की उभीच राहिले. रीतीप्रमाणे विचारलं, “कसे आहात, घरी सगळे बरे? कुठलं गाव? कुठल्या घरातले तुम्ही?” पलीकडून फोन कट झाला. दुसराही तसाच गेला. तिसरा गेल्यावर मी जवळजवळ रडत पोस्टाबाहेर पोचले.

मामांनी ऐकून घेतलं. “आपल्याकडे राजाच्या अंगाला एक बोट कमी असलं तरी गादीवर बसता येत नाही,” ते म्हणाले. “मग साध्या माणसाला लोक काय म्हणत असतील? तो लपून फोन करतो, पोरी. आणि तू त्याला खानदान विचारतेस. नाव शेवटी विचार. नाहीच सांगितलं तर राहू दे. आधी विचार, कुठला पाय? मग त्याला कळतं, फोन बरोबर ठिकाणी लागला.”

चौथा फोन एका बाईचा होता.

“कुठला पाय?” मी विचारलं.

बाईने मोठा श्वास सोडला. “उजवा,” ती म्हणाली. “गुडघ्याच्या वर.” आणि मग ती पाऊण तास बोलत होती.

मार्चमध्ये तर उधाणच आलं. किंटाम्पोचा ड्रायव्हर आला, ज्याने ‘गाडी चालवता येते का’ हे पान तीनदा वाचलं होतं. वेंचीहून एक आई तिच्या सात वर्षांच्या मुलीला पाठीवर बांधून आली. मी रात्री झोपताना उद्या कोण येईल याच विचारात असायची, लग्न ठरलेल्या मुलीसारखी. मामा रोज अहवाल उघडून दाखवायचे, कोण काय शोधून आलं. आणि सगळ्यात वर दर वेळी तेच पान. बोटाला काळेपणा. माझ्यामुळे किती पाय गेले नाहीत ते मला कळत नव्हतं, पण आमचे डॉक्टर म्हणाले की हल्ली लोक लवकर यायला लागलेत. दोघांनी फोनच पुढे केला, म्हणे इथे लिहिलंय उद्या नाही, आज.

“तुमचं पान पहिलं आलं, मामा,” मी म्हटलं.

“उशिरा आलं,” ते म्हणाले. मला वाटलं, ते यंत्राबद्दल बोलताहेत.

ईस्टरच्या आधीच्या, पवित्र आठवड्यातल्या बुधवारी कमिटी बसली. मी रजिस्टर पुढे ठेवलं. बाहेरगावची एकतीस माणसं. बोआडी मास्तरांनी आधी बिशपांना, राजमातांना, सगळ्या सभासदांना मानाप्रमाणे नमस्कार घातला आणि मग म्हणाले की शीतपेट्या दुसरीकडे बसवाव्यात. मी तशीच धावत पोस्टाकडे गेले.

छत्री मिटलेली होती. टेबल भिंतीला टेकवलेलं.

“टँडोमामा मुलीकडे गेले, टाकोराडीला,” शेजारची संत्रीवाली म्हणाली. “परवाच गेले. फार लंगडत होते गं. मी म्हटलं काय झालं, तर म्हणाले, बूट चावतो.”

मी फोन लावला. बंद होता. ईस्टर गेला, एप्रिल गेला, मे गेला. फोन बंदच. मुलीचा नंबर कुणाकडे नव्हता. ज्याने अख्ख्या गावाला सापडायला शिकवलं त्याचाच पत्ता नव्हता. मी रोज कामावर जायची, रोज दोन-तीन माणसं यायची, आणि संध्याकाळी पोस्टावरून जाताना त्या मिटलेल्या छत्रीकडे बघून माझा जीव तुटायचा.

जूनच्या मध्यावर, भर दुपारी, अनोळखी नंबरावरून फोन आला.

“नकली पाय, टेचिमान?” पलीकडून आवाज आला. “तुमचं पान बघितलं. नंबर वरच होता. बोट ठेवलं आणि लागला.”

तो आवाज मी हजारांत ओळखला असता. तोंडाशी आलेली हाक मी गिळली. भट्टी तापलेली होती, ती बंद केली आणि स्टुलावर बसले.

“कुठला पाय?” मी विचारलं.

“डावा,” ते म्हणाले. “गुडघ्याखाली.”

“जखम भरली?”

“भरली. कापून दोन महिने झाले. डॉक्टर म्हणतात, आता माप घेता येईल.”

“मंगळवारी सकाळी आठला या. मोठ्या फाटकाने नका येऊ. पेरूचं झाड आहे त्या फाटकाने या. नकाशावर तीच खूण आहे.”

“माहीत आहे,” ते म्हणाले. मग म्हणाले, “नाव नाही विचारलंत.”

“नाव शेवटी. नाही सांगितलंत तरी चालेल.”

“बरोबर,” ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

मंगळवारी मी सातलाच खोली झाडून घेतली. आठला ट्रोट्रोची व्हॅन थांबली आणि मामा कुबड्यांवर उतरले. मी मदतीला पुढे झाले नाही. पेरूच्या झाडापासून माझ्या दारापर्यंतची सव्वीस पावलं त्यांना एकट्याने चालायची होती, ते त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. अंगावर इस्त्रीचा शर्ट. उजव्या पायात पोस्टाचा काळा बूट, पॉलिश केलेला. गळ्यात एक कापडी पिशवी लटकत होती.

ते खुर्चीत बसले. घाम पुसला. कुबड्या भिंतीला टेकवल्या. मग पिशवीत हात घालून त्यांनी डावा बूट बाहेर काढला. त्यालाही तेवढंच पॉलिश होतं आणि नाडी बांधलेली होती.

आमच्याकडे वडीलधाऱ्याला देतात तसा तो त्यांनी उजव्या हाताने माझ्यापुढे धरला.

“माप यावरून घे,” ते म्हणाले.